दिलावर पिंजाऱ्याची कारवानी

“आवं वैनी, ह्ये कुत्रं हाय का म्हशीचं रेडकू?”

“आल्या आल्या दारात उभं ऱ्हाऊन दिष्ट लावू नगासा, दिलावरभाऊ. आदी पाणी प्या.”

“पाणी मागनं. हिच्या पोटात काय काय घालताय त्ये सांगा.”

“आमी खातुया त्येच. सकाळी दूध-भाकरी, दुपारी चपातीचा कुस्करा. गुऱ्हाळ लागल्यापास्नं गुळाचा खडा. माझ्या दारातलं जनावर काय उपाशी मरल?”

दिलावरनं खांद्यावरची पिंजायची कमान भिंतीला टेकवली आणि कपाळाला हात लावला. दिवाळी झाली की तो माण तालुक्यातलं आपलं गाव सोडायचा आणि कडेगावकडच्या उसाच्या मुलखात उतरायचा. गाद्या उसवायच्या, कापूस पिंजायचा, पुन्हा भरून टाके घालायचे. पोट त्यावर चालायचं. पण त्याचा जीव अडकलेला असायचा कारवानी कुत्र्यांत. लांब तोंडाची, चिपाड अंगाची, उंच पायांची ही शिकारी जात त्याच्या आज्यापासून घरात होती. माणच्या माळावर ससा उठला, की दिलावरची कुत्री भुंकत न्हाईत, नुसती सुटतात, असं लोक सांगायचे.

पिल्लू मात्र तो कधी विकायचा नाही. नारळ घ्यायचा आणि द्यायचा. “इकलं की त्येच्यावरचा हक्क सुटला,” म्हणायचा. “दिलं की बगाया जाता येतं. जतन झाली न्हाई, तर दोरी लावून माघारी आणता येतं.” म्हणून गाद्यांची फेरी ही दिलेल्या पिल्लांच्या, म्हणजे त्याच्या नातवंडांच्या, तपासणीचीही फेरी असायची. उंब्रजच्या एका दुकानदारानं कुत्रं दिवसभर साखळीला बांधून ठेवलं, तर ह्यानं भर बाजारातनं ते सोडून नेलं होतं. दोरी त्याच्या पिशवीत कायम असायची, हे सगळ्या मुलखाला ठाऊक होतं.

ही मैना त्यानं रंगूबाईच्या पदरात घातली ती बहात्तरच्या दुष्काळात. रंगूबाईचा नवरा सयाजी मिलिट्रीत. वर्षातनं एकदा रजेवर यायचा. बाकीचा काळ उसाच्या फडाला लागून असलेल्या वस्तीवर बाई एकटी. फडात कोल्ही, रानडुकरं आणि कधी दोन पायांची जनावरंही शिरायची. मैना दारात असली, की बाईला झोप लागायची.

आता तीच मैना पेंगत पेंगत उठली, दिलावरचा हात हुंगला आणि डोकं त्याच्या मांडीला घासलं. ही जात परक्याचा हात अंगाला लागू देत नाही. वास ओळखला, तरच मान खाली घालते. दिलावरला तेवढ्यानं बरं वाटलं, पण ते त्यानं तोंडावर दाखवलं नाही.

“चल गे मेरे साथ,” म्हणत त्यानं तिला ऊस तुटलेल्या रानात नेलं. तिला एका कडेला बसवलं, आपण दुसऱ्या कडेला गेला आणि शीळ घातली. मैना निघाली ती झोकात. अर्ध्या रानात आली आणि जीभ बाहेर टाकून बसली. वर शेपूट हलवली, जणू एवढं अंतर काय थोडं झालं?

बांधावर उभी राहून बघणाऱ्या रंगूबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

“वैनी, मी न्हेतो हिला,” दिलावर म्हणाला.

“न्हेतो म्हंजी?”

“माझा काय बोल हुता? जतन झाली न्हाई तर माघारी.”

“जतन न्हाई? आवं, आमच्या आंबूजाऊचं तोंड तुमाला ठावं न्हाई. येती-जाती म्हणायची, नवरा मिलिट्रीतनं पगार धाडतुया आन कुत्र्याच्या बरगड्या बगा. गावात माझी छी-थू चालली हुती. मग घातलं चार घास जास्ती.”

“आंबूबाईला काय कळतंया? ह्या जातीच्या कमरंची हाडं वर दिसाया पायजेत. तिथं मांस चढलं, की कुत्रं मातीत गेलं. पोट पाठीला लागलेलं असल, तवाच त्ये वाऱ्यासंगं पळल. बारीक दिसतंय त्ये उपासानं न्हवं वैनी, अंगानंच तसं.”

“आन तुमी न्हेऊन काय घालणार? माळावरचं धोंडं?” रंगूबाई आता पदर खोचून बोलायला लागली. “दुष्काळात हिला माझ्या वट्यावर कोण ठिवून गेलं? तवा हाडं दिसत हुती, ती बी जातीचीच व्हय?”

 त्या साली दिलावरच्या दारातली दोन चांगली कुत्री गेली होती. कण्या शिजवायलाही घरात दाणा नव्हता. बाईनं वर्मावर बोट ठेवलं होतं. पण दिलेला शब्द शब्द असतो, आणि हट्ट दुष्काळातही उगवतो, त्याला माणगंगेच्या पाण्याची गरज लागत नाही. दारात परत येऊन त्यानं पिशवीतनं दोरी काढली.

रंगूबाई तोंड फिरवून उंबऱ्यात बसली.  फक्त फडाकडं बघत राहिली.

दोरी लावायच्या आधी दिलावरचा हात सवयीनं मैनेच्या अंगावरनं फिरला. कान बघितले, गोचीड नाही. पंजे बघितले, नखं झिजलेली. मग पुढच्या पायाचं कोपर हाताला लागलं आणि हात थांबला. कोपर मऊ होतं. त्यानं दुसरं बघितलं. तेही मऊ, केस सगळे शाबूत. त्याच्या घरच्या एकूण एक कुत्र्याच्या कोपरावर काळा, राठ घट्टा असायचा. थंडीत तो फुटायचा, त्यातनं रक्त यायचं.

“वैनी, हिच्या कोपराला घट्टा कसा न्हाई?”

“का असावा?”

“असतुयाच. आमच्या अब्बानं सांगितलं हुतं, घट्टा ही कारवानीची खूण. घट्टा न्हाई ती भेसळ.”

“मग अब्बाला बी भुईवरच निजवत हुतासा व्हय?” रंगूबाई उठली, आत गेली आणि कोपऱ्यातनं एक गादी ओढत आणली. अर्धीच, पण कड नीट शिवलेली. “ही निजती ह्येच्यावर. तुमीच भरलेली गादी, फाटली तशी निम्मी कापून हिला केली. अंगावर ना केस, ना मांस. हाड भुईला टोचत असल न्हाई? पयल्या थंडीत रातभर कुडकुडत हुती.”

दिलावरनं गादीवरचा टाका बघितला. त्याचाच होता. आज्यानं गाद्या भरल्या, बापानं भरल्या, ह्यानं भरल्या. ज्या जनावरांसाठी तिघांनी जीव टाकला, ती तिघांच्याही दारात उघड्या भुईवर निजली. आणि वर त्या जखमेला जातीची खूण म्हणत आले. तो बराच वेळ मैनेचं कोपर अंगठ्यानं चोळत बसला. मैनेला काय, ती तिथंच घोरायला लागली.

“जतन केलीया तुमी,” शेवटी तो म्हणाला. “निम्मी तुमी केलीया, ऱ्हायलेली निम्मी कशी करायची त्ये मला ठावं हाय. आता ऐका. सांजचं एकदाच खाणं. जुंधळ्याच्या कण्या ताकात शिजवायच्या, आठवड्याला अंडं. गूळ बंद. गाडी रानात निघाली की ही गाडीमागं पळाया पायजे, गाडीत बसाया न्हाई.”

“आन दोरी?”

“ऱ्हाऊ द्या पिशवीत. शिमग्याला येतो. कमरंची हाडं दिसली न्हाईत, तर मग बोलू.”

“आंबूजाऊला काय सांगू?”

“म्हणावं, रेडा बगावा पोटाला, कारवानी बगावी कमरंला. ती घरात आसंल तर तिच्या बी गाद्या काढाया सांगा, उद्या तिकडंच हाय मी.”

रंगूबाई हसली आणि चहाचं आधण ठेवायला वळली.

“वैनी, गादीतनं निघालेला जुना कापूस टाकू नगासा,” दिलावर मागनं म्हणाला. “पोत्यात भरून ठिवा. पाच कुत्री हायेत घरला.”

मग त्यानं तोंडाला फडकं बांधलं, अंगणात रंगूबाईच्या गाद्या उसवल्या, कापसाच्या ढिगाशी मांडी घातली आणि कमानीच्या ताणलेल्या तातीवर दांडक्याचा पहिला ठोका दिला. कापूस उडाला. मैनेनं कान टवकारले, एक शिंक दिली आणि उठून सावलीला गेली. दिलावर खाली मान घालून पिंजत राहिला. उन्हं उतरायच्या आत चार गाद्या भरायच्या होत्या.