मुंगसांची घरगुती शाळा

आम्ही चार जुने सहकारी भेटलो की दहा मिनिटांत विषय दळवी साहेबांवर येतो. त्यांच्या स्टुडिओत नोकरी केली तीनच वर्षं, पण किस्से अजून पुरतायत. पगार विसरलो, किस्से नाही.

नव्वदच्या दशकात घरोघर केबल आली आणि लग्नाचे व्हिडिओ काढणारे दळवी एकदम कार्टूनवाले झाले. ठाण्याला कोपरीत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर स्टुडिओ. मालिका बालवाडीतल्या मुलांसाठी. एक मुंगूस कुटुंब, पोरं शाळेत जात नाहीत, आईबाबा घरीच शिकवतात. मी चित्रं काढायला होतो.

यामागे काहीतरी मोठा शिक्षणविचार असेल असं मला वाटलेलं. पहिल्याच आठवड्यात विचारलं, "सर, पोरं शाळेत का जात नाहीत?"

"अरे, शाळा दाखवली तर वर्गात चाळीस मुंगसं काढायला लागतील. तू काढणारेस?"

*

शिक्षणतज्ज्ञ म्हणून साहेबांनी आपल्या मेहुणीला नेमलेलं. बाईंचा डोंबिवलीत शिवणक्लास होता. त्यांनी पहिला एपिसोड बघितला आणि म्हणाल्या, "मुंगसांना चड्ड्या घाला. संस्कार दिसले पाहिजेत."

अख्खा एपिसोड आम्ही परत रंगवला. महिन्याभराने बाई आल्या, पडद्याजवळ जाऊन निरखून बघितलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "चड्डी आहे, तर मग शेपूट कुठून बाहेर आली?"

मी म्हटलं, "बाई, शिवणक्लास तुमचा. तुम्हीच सांगा."

*

कार्टूनमध्ये हाताला चारच बोटं काढतात, तेवढंच काम कमी. आकड्यांच्या एपिसोडात मुंगूसबाबा हात वर करून बोटं मोजतो. एक, दोन, तीन, चार, पाच. शूटिंग संपल्यावर माझ्या लक्षात आलं. घाबरत घाबरत साहेबांना दाखवलं.

साहेबांनी तीनदा बघितलं. मग आवाजवाल्याला बोलावून म्हणाले, "पाच जरा हळू म्हण."

*

मीना आमच्याकडे रंगकाम करायची. राहायची डोंबिवलीजवळ, कोपरला. सकाळी आठला घर सोडायची, परत पोचायला रात्रीचे नऊ. तिची साडेतीन वर्षांची मुलगी दिवसभर शेजारच्या आजींकडे असायची. वाया गेलेली चित्रं मीना तिला खेळायला न्यायची.

मुलीच्या शाळाप्रवेशाची मुलाखत आली. दुपारी दोनची वेळ, आईनेच यायला हवं. मीनाने अर्ध्या दिवसाची रजा मागितली. साहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "शाळेत काय ठेवलंय? आपण मालिकेत काय सांगतो? घरी शिकव."

मीना म्हणाली, "सर, मी घरी असते कधी?"

साहेब फाइल चाळायला लागले. मीनाने रंगाच्या बाटल्यांची झाकणं एकेक करून लावली, ब्रश धुतले, पर्स उचलली आणि गेली. नोकरी गेली असंच आम्ही सगळे धरून चाललेलो. तीही तेच धरून चाललेली.

दुसऱ्या दिवशी ती आली, जागेवर बसली. साहेबांनी बघून न बघितल्यासारखं केलं. रंगवायला दुसरं कोण होतं त्यांच्याकडे?

डबा खाताना मी विचारलं, "काय झालं गं?"

"मिळाला प्रवेश."

"मुलाखतीत काय विचारलं?"

"मला काहीच नाही. शाळेतल्या बाईंनी तिलाच विचारलं, बाळा, घरी कोण शिकवतं तुला?"

"मग?"

मीनाने पोळीचा तुकडा मोडला. "म्हणाली, मुंगूस."