जाड धूळ

तारेबाईंनी आमच्या वेधशाळेत सव्वीस वर्षं तारे मोजले. आकाशातले नव्हे, काचेवरचे. दुर्बिणीतून घेतलेल्या काचेच्या प्लेटवर आकाश उलटं उमटतं, आकाश पारदर्शक आणि तारे काळे ठिपके. प्लेट दिव्याच्या टेबलावर ठेवायची, भिंगाला डोळा लावायचा, नखाएवढ्या चौकोनातले ठिपके मोजून आकडा लिहायचा. मग शेजारचा चौकोन. मी प्लेटांच्या कपाटांचा राखणदार. प्लेट काढून देणं आणि पुसून परत ठेवणं हे माझं काम.

बाई काही मायाळू वगैरे नव्हत्या. कुणाचा टेबलाला धक्का लागला की म्हणायच्या, "हात आहेत की खुंट्या?" नवरा लवकर गेला, एकटीनं लेक वाढवली, आणि तिच्याशीही त्या तशाच बोलायच्या. पण त्यांचा आकडा कधी चुकला नाही. वेधशाळेचे प्रमुख, आमचे सर, मुद्दाम जुनी प्लेट पुन्हा द्यायचे, बाई तोच आकडा परत आणायच्या.

सरांचं सगळं संशोधन एका काळ्या ढगावर होतं. ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी नसते, तिथे वायू असतो आणि बारीक धूळ. वायू इतका विरळ, की आमच्या तळघरातला पंप लावून केलेली पोकळीही त्याच्यापुढे गच्च वाटावी. पण ढगाचा पसाराच असा अफाट, की त्यातल्या मूठभर धुळीनंही मागचे तारे झाकले जातात. म्हणून ज्या चौकोनात तारे कमी, तिथे धूळ जास्त. सर एकाच भागाच्या दोन प्लेटा घ्यायचे, एक निळ्या उजेडाची, एक तांबड्या. बारीक धूळ निळा उजेड अडवते आणि तांबडा बराचसा सोडते, मावळता सूर्य तांबडा दिसतो तसंच काहीसं. दोन्ही प्लेटांवर तारे सारखेच कमी झाले, तर समजायचं की तिथली धूळ जाड आहे.

ढगाच्या पूर्वेकडच्या टोकाच्या चौकोनांच्या चार ओळी उरल्या होत्या, तेव्हा बाई सरांना प्लेटांच्या खोलीतच म्हणाल्या, "सर, उजवा डोळा धुरकटलाय. डावा तर त्याहून वाईट. बारके ठिपके सुटत असणार."

मी तिथेच स्टुलावर बसून प्लेट पुसत होतो.

"बाई, तुमचा हात बसलाय या कामावर," सर म्हणाले. "चारच ओळी राहिल्यात. परिषद वर्षावर आलीये."

"मोतीबिंदू आहे म्हणतात. लेक मागे लागलीये ऑपरेशन कर म्हणून. महिनाभर रजा द्या. नाहीतर कुणाकडून तरी पडताळून घ्या."

"बघू," सर म्हणाले, आणि गेले.

रजा मिळाली नाही. पडताळणीही झाली नाही. बाईंनी चारही ओळी मोजल्या. टेबलाचा दिवा वाढवायच्या, कपाळ भिंगाला टेकवायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं ते पदरानं टिपायच्या. आठ महिने लागले.

आणि सरांना त्या ओळींमध्ये घबाड सापडलं. पूर्वेकडे तारे झपाट्यानं कमी होत गेले होते, निळ्या प्लेटवर जितके, तितकेच तांबड्या प्लेटवर. म्हणजे जाड धूळ! ढगाच्या त्या टोकाला, बर्फापेक्षा कितीतरी गार अंधारात, कण एकमेकांना चिकटून मोठे होतायत, असं सरांनी परिषदेत मांडलं. पुरस्कार मिळाला. सत्काराच्या दिवशी सर बोलले चाळीस मिनिटं, त्यात बाईंचा उल्लेख नव्हता. बाई मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. मीही.

दीड वर्षानं दुसऱ्या वेधशाळेतून एक तरुण संशोधक आली. तिच्या यंत्रानं त्याच प्लेटा सगळ्या वाचल्या, एकूण एक ठिपका. बाकी ढग जसाच्या तसा निघाला. पूर्वेकडच्या टोकाला मात्र धूळच नव्हती, ना जाड ना बारीक. तिथे मोकळं आकाश होतं.

यंत्राचे आकडे आले त्याच दुपारी बैठक भरली. सरांनी बाईंना बोलावलं, टेबल मध्यभागी आणवलं आणि सगळ्यांसमोर एक चौकोन मोजायला लावला. पंधरा माणसं त्यांच्या पाठीशी उभी. बाईंनी मोजलं. पुन्हा मोजलं.

"अडतीस."

"यंत्र म्हणतं एकसष्ट," सर म्हणाले. मागे कुणीतरी हसलं. "बाई, एवढी वर्षं तुमच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला मी."

आता बरेच जण हसले.

बाई सरळ उभ्या राहिल्या. "मी तुम्हाला सांगितलं होतं. ओळी सुरू करायच्या आधीच सांगितलं होतं."

"कधी?"

"प्लेटांच्या खोलीत. हा होता तिथे." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "सांग रे."

आमच्याकडेही तसं यंत्र आलं की कपाटांच्या खोलीला एकच माणूस पुरणार होता, आणि आम्ही राखणदार तिघं होतो. कोण राहणार ते सरच ठरवणार होते. सर माझ्याकडे बघतही नव्हते. ते चष्मा पुसत होते.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

तरुण संशोधकानं मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सरांकडे, आणि परत कागदांत डोकं घातलं. बाईंनी भिंग पुसून डबीत ठेवलं, डबी टेबलावर ठेवली आणि जिना उतरून गेल्या. उतरताना कठडा चाचपत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून येऊ नका असं त्यांना कळवलं. लेकीनं ऑपरेशन करवलं. पंचवीस मिनिटांचं काम. महिन्याभरात दोन्ही डोळे लख्ख झाले. त्या एकदाच आल्या, तोच चौकोन मागितला. मी प्लेट काढून दिली. उभ्याउभ्याच मोजून म्हणाल्या, "एकसष्ट." तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. आकडा कुठे लिहायचीही सोय नव्हती, त्यांची नोंदवही केव्हाच बंद झाली होती.

संशोधनपत्रिकेच्या पुढच्या अंकात सरांनी दुरुस्ती छापली. अडीच ओळी. 'मोजणी साहाय्यकाच्या दृष्टिदोषामुळे पूर्वेकडील आकडे ग्राह्य धरू नयेत.' सव्वीस वर्षांत बाईंच्या कामाबद्दल छापून आलेलं एवढंच. पुरस्कार सरांकडेच राहिला, कारण बाकीचा ढग बरोबर होता. तो बाईंनीच मोजला होता, पण ते कुणी म्हणालं नाही.

मी अजून कपाटांच्या खोलीत आहे. प्लेटा आता कुणी मागत नाही. बाई लेकीकडे राहतात, इथून चार गल्ल्या पलीकडे. कधीतरी रस्त्यात दिसतात. मला त्या माझ्याही आधी, पार लांबून ओळखतात, आणि पलीकडच्या फुटपाथवर जातात.