कोडाईकनाल, दुसरा मजला

हसणार नसाल तरच सांगतो. आणि सगळी चूक माझीच, असं आधीच ठरवून बसू नका. निम्मी माझी आहे. उरलेली निम्मी कुणाची ते ऐकलंत, की तुमचंही डोकं तापेल!

मी कमी बोलणारा माणूस. चेन्नईत गिंडीला एका लहान कारखान्यात आयुष्यभर लेथवर काम केलं. पेन्शन नावापुरती. रिटायर होताना एकरकमी जे मिळालं ते बँकेत ठेवलं, आणि त्यावर नागोबासारखा बसलो. का बसू नये? सुमन माझ्याहून आठ वर्षांनी लहान. उद्या माझं काही झालं, तर तिनं कुणापुढे हात पसरायचा?

पण तिचं एकच, कोडाईकनाल बघायचं. गुडघे चालतायत तोवर.

"अगं, मी तुझ्यासाठीच साठवतोय. माझ्या मागे लागतील तुला."

"आणि तुमच्या मागे मला कोडाईला कोण नेणार? तुमचा फोटो?"

झालं! काढली तिकिटं. मे महिना. या दिवसांत चेन्नईत माणूस बसल्या जागी इडलीसारखा वाफवून निघतो. हिनं जांभळा स्वेटर आणला, आणि त्या उकाड्यात तो घालून सगळ्या बिल्डिंगला दाखवला. तुळशीला पाणी घालायला समोरच्या मामींना घराची किल्लीसुद्धा देऊन टाकली. इकडे शेजारच्या वडीलधाऱ्या जोडप्याला मामा-मामीच म्हणतात. हे मामा बँकेतून रिटायर झालेले. मोठे हिशेबी.

निघायच्या आदल्या दिवशी मी लॉजला फोन करून भाडं विचारलं. सीझनचं भाडं म्हणे! अरे, आम्ही खोलीत झोपणार आहोत की खोली विकत घेणार आहोत? तसाच उठलो आणि तिकिटं रद्द करून आलो.

ही भांडली नाही. स्वेटरची घडी घालत एवढंच म्हणाली, "सगळ्यांना सांगून बसलेय मी. आता तोंड कुठे लपवू?"

"घरात," मी म्हणालो.

झाली ना चूक! इथेच झाली.

ठरलं असं. सगळ्यांच्या देखत बॅगा घेऊन ऑटोत बसायचं. एग्मोर स्टेशनच्या बाकावर दशम्या खायच्या. दुपारी दोनला वॉचमन तोंडावर पेपर घेऊन घोरत असतो, तेव्हा चपला हातात घेऊन जिन्यानं वर यायचं. मग चार दिवस आपल्याच घरात कोडाई. दिवा लावायचा नाही, कुकरची शिट्टी नाही, खोकला आला तर उशीत. आणि एसी तर नाहीच. तो मुलानं बसवून दिलाय. पाहुणा आला तरच आम्ही लावतो, आणि पाहुण्याला मी शक्यतो थंडीत बोलावतो.

पहिला दिवस बरा गेला हो. मी दडपे पोहे केले. ही बादलीत पाय सोडून बसली.

"हा कोडाई लेक," बादलीकडे बघत ती म्हणाली. "बोटिंग किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात किल्ली फिरली.

तुळस! दोघंही साफ विसरलो होतो. धावत आतल्या खोलीच्या बाथरूममध्ये शिरलो आणि आतून कडी लावली. सुमन उपड्या बादलीवर, मी तिच्याशेजारी भिंतीला टेकून. तुळशीला पाणी घालायला लागतो किती वेळ? तांब्याभर पाणी, झालं!

पण पावलं बाल्कनीतून परत आतल्या खोलीत आली. दोघांची पावलं! आणि मग आवाज आला. टीं!

"अगं, माझा एसी!" मी कुजबुजलो.

"हळू! आपण कोडाईला आहोत," ही तोंडात पदर कोंबून हसत होती.

दाराच्या फटीतून दहीभाताचा वास यायला लागला. मग मामांचा आवाज. तमिळ मला चांगलं समजतं, आणि त्या दिवशी समजलं नसतं तर फार बरं झालं असतं.

"अठरावर ठेव."

अठरावर! आम्ही मायबाप त्याच्याकडे नुसतं बघून गार होतो, आणि हे अठरावर! बाथरूममध्ये आम्ही घामानं निथळतोय. तरी गप्प बसलो. शपथ घेऊन सांगतो, बसलो.

"अय्यो, थंडी वाजते मला," मामी म्हणाल्या.

"खुर्चीवर स्वेटर विसरून गेल्यात ना त्या? घाल तो."

मी सुमनकडे बघितलं. ती हसायची थांबली होती.

ही म्हणते, मी विजेच्या बिलासाठी दार उघडलं. खोटं! साफ खोटं! मी कडी काढली आणि दाराला अशी लाथ मारली, की ते भिंतीवर आपटलं.

"काढा तो स्वेटर! माझ्या घरात, माझ्या पलंगावर, काय चालवलंय काय तुम्ही?"

मामी किंचाळल्या. मामांनी दहीभाताचा घास शांतपणे गिळला.

"सार," ते म्हणाले, "तुम्ही कोडाईला आहात ना?"

मागून सुमन बाहेर आली आणि मामींना रडू फुटलं.

"सुमन, मी यांना म्हटलं, आपणही कोडाईला जाऊ. तर हे म्हणतात, समोर घर रिकामं आहे, एसी आहे, खर्च कशाला?"

"रिटायर झाल्यावर बजेट बघावं लागतं, सार," मामा म्हणाले.

"अहो, मी निदान बायकोला माझ्या घरात सहलीला आणलं! तुम्ही तुमचीला माझ्याच घरात आणलीत!"

"म्हणजे तुमचा खर्च माझ्यापेक्षा जास्त झाला, सार."

बघा! याला काय म्हणायचं? मी हात उगारणारच होतो, पण या दोघींनी आमच्याकडे असं बघितलं की हात खाली आला. मामी स्वेटर काढायला लागल्या. "राहू द्या अंगात," सुमन म्हणाली, "मला दुसरा घेता येईल." दोघी स्वयंपाकघरात गेल्या, आणि बाहेर आल्या त्या निकाल घेऊनच. तिकिटांचे परत आलेले पैसे सुमननं माझ्या पाकिटातून मोजून घेतले.

मामींनी बिल्डिंगभर सांगितलं, "त्यांनी आम्हालाही कोडाईला बोलावलंय." दुसऱ्या दिवशी मामा-मामी बॅगा घेऊन निघाले. मामी स्टेशनवर थांबल्या. दुपारी दोनला चपला हातात घेऊन सुमन खाली उतरली, आणि चपला हातात घेऊन मामा वर आले.

"चौघं कोडाईला आहोत. खोकायचंसुद्धा नाही," जाताना हिनं बजावलं.

परवा फोन आला. "अहो, इथे ढग खिडकीतून आत येतात हो!" मुलीसारखा आवाज. लॉजचं भाडं अगदी जिभेवर आलं होतं माझ्या. नाही विचारलं. "खिडकी लावून घे," म्हटलं, "सर्दी होईल."

फोन ठेवला, मामांना पोहे वाढले, आणि दारात किल्ली फिरली.

"किल्ली!" मामा पांढरे पडले. "आमच्या हिनं जाताना तळमजल्यावरच्या टीचरबाईंना दिली. तुळशीसाठी."

बाथरूममध्ये मामांनी बादली पटकावली. मी भिंतीला टेकलो. पावलं बाल्कनीतून आतल्या खोलीत आली, आणि आवाज आला. टीं!

माझा पाय शिवशिवला. मामांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

करणार काय? आम्ही कोडाईला होतो.