घट्टे पाहून पुडी

सौसरच्या बाजारात एक माणूस ताकदीसाठी अश्वगंधेची पुडी विकायचा. आधी गिऱ्हाइकाचा तळहात दाबून घट्टे पाहायचा, मगच पुडी द्यायचा आणि वर रोज दोनशे जोर मारायला सांगायचा. माझा मोठा भाऊ जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. दूध बंद करून त्या पैशात तो पुडी घेऊ लागला.

मी बी.एस्सी. झालेलो. त्या माणसाला सुनावलं, "मेहनत केली की शरीर स्वतःच हार्मोन सोडते. तुमची पुडी काय करते?"

माझा मऊ हात दाबत तो हळूच म्हणाला, "मले मालूम हाय, बाबू. बिनमेहनतीवाल्याले पुडी देली तं माह्यं नाव खराब होईन."

घरी भाऊ बाही वर करून आईला दाखवत होता, "पाह्य माय, पुडीनं अंग कसं बनून राह्यलं."

घाम भावाचा, नाव पुडीचं. अडाण्यानं फसवलं असतं तर मी विसरलो असतो. त्या पुडीवाल्याला सगळं ठाऊक होतं.