हात वर येईपर्यंत

सदा गेल्याचा फोन कारखान्याच्या टाइम ऑफिसात आला. विक्रोळीला आमची दुसरी पाळी नुकती सुरू झाली होती. "सदानंद तुमचे कोण?" टाइमकीपरने विचारलं. मित्र म्हटलं असतं तर सुटी मिळाली नसती, म्हणून भाऊ म्हणालो. कावीळ अंगावर काढून शेवटी तो दोन आठवडे घाटकोपरला इस्पितळात पडला होता, आणि मी 'या रविवारी नक्की जातो' म्हणत दोन्ही रविवार ओव्हरटाइम केला. दमलो होतो हे खरं. पण दमलेला माणूससुद्धा विक्रोळीहून घाटकोपरला जाऊ शकतो... सव्वा महिना झाला, हे मी रोज स्वतःला ऐकवतोय.

आमची दोस्ती मारामारीतून झाली, खोट्या मारामारीतून. एशियाडच्या आदल्या वर्षी मुलुंडच्या विनूच्या मामाने आखातातून एक छोटा फिल्मचा कॅमेरा आणला. एक रीळ म्हणजे जेमतेम सव्वातीन मिनिटं, आवाज नाही, आणि धुऊन यायला दीड-दोन महिने. सदा साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात प्रेसवर होता, मी अप्रेंटिस, विनू नुसताच विनू. रविवारी सकाळी चांदिवलीच्या बंद खाणीत आम्ही पाच-सात मिनिटांची मारामारीची पिक्चरं काढायचो. ज्याचं पिक्चर त्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी पडायचं. पुढच्या वेळी पाळी बदलायची. कुणाचं पिक्चर फसलं तर सदा त्यातला एक तरी शॉट शोधून काढायचा आणि म्हणायचा, "हा बघ, हा झकास आलाय. बाकीचं जाऊ दे रे."

एक नियम त्याचा होता. पडलेल्याने पडून राहायचं आणि आपण ठीक असलो की हात वर करायचा. तो हात दिसेपर्यंत कॅमेरा बंद करायचा नाही. विनू वैतागायचा, "अरे, रीळ फुकट जातं यार! कापून टाकायचेच आहेत ना ते हात?" सदा ऐकायचा नाही. "पडलेल्याकडे कोणीतरी बघत असलं पाहिजे ना," एवढंच म्हणायचा. मग घरी बसून ब्लेडने ते हात कापून टाकायचं काम तोच करायचा.

आता मला जे सांगायचंय ते. विनू, तूही हे वाचशील. तुझ्या पिक्चरमध्ये सदाला खडी भरायच्या उंच कठड्यावरून उडी मारायची होती. खाली गोणपाटात भरलेला पेंढा. तू आणि बाकीचे लांब खाणीच्या तोंडाशी उभे होतात, कोणी मध्ये येऊ नये म्हणून. कॅमेरा माझ्याकडे होता. त्याच्या पाठीवर किती रीळ उरलंय ते दाखवणारा काटा असतो, आणि झाकण उघडलं की तो काटा पुन्हा सुरुवातीला जातो. उडीच्या थोडं आधी काहीतरी अडकल्यासारखं वाटलं म्हणून मी झाकण उघडून बघितलं आणि लावून टाकलं. मग काट्याकडे पाहिलं, तर रीळ भरपूर दिसलं! इतका मूर्खपणा आमच्यातल्या दुसऱ्या कुणी केला नाही. "येऊ दे," मी ओरडलो. सदाने उडी मारली. पेंढ्याच्या कडेला पडला. धूळ उडाली आणि हात काही वर येईना. मी डोळा काढला नाही, बोट काढलं नाही, मोटर घरघरत होती. खूप वेळाने आधी बोटं हलली, मग मनगट, मग हात वर आला. घोटा मोडला होता.

रीळ धुऊन आलं तेव्हा सदाच्या खोलीत भिंतीवर चादर लावून बसलो. सदा कठड्यावर चढतो आणि चादर पांढरी होते. उडी नाहीच. रीळ आधीच संपलं होतं, मोटर नुसतीच घरघरत राहिली होती. विनू उसळला, "उडी कुठाय? बाळ्या, उडी कुठाय?" मी तोंड उघडायच्या आत सदा म्हणाला, "माझीच चूक रे. हा ओरडत होता रीळ संपलं म्हणून, मला ऐकायलाच आलं नाही." धडधडीत खोटं. सगळे पांगल्यावर मी त्याच्यासमोर रडलो, पुन्हा कॅमेऱ्याला हात लावणार नाही म्हणालो. "तू बघत होतास ना?" त्याने विचारलं. "हो." "मग झालं तर." पुढचं पिक्चर त्याचं होतं. त्यात तो स्वतःच प्लास्टरसकट खुर्चीत बसून व्हिलन झाला आणि कॅमेरा त्याने माझ्याच हातात दिला. बाकीच्यांना मी खरं सांगितलं नाही... ना त्या दिवशी, ना नंतर. पाय त्याचा कायमचा अधू राहिला.

पुढे घरोघरी व्हिडिओ आला, रीळं मिळेनाशी झाली. विनू लग्नाच्या कॅसेटी काढू लागला, मी पाळ्यांमध्ये अडकलो. आमच्यातलं काय संपलं आणि कधी, ते कुणालाच कळलं नाही.

तेराव्याला सदाच्या आईने माझ्यापुढे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला. "ह्यो तुकाच देऊचो, असा म्हणा होतो. कोणाक हात लावूक देय नाय होतो." आत फिल्मचे तुकडे होते, रबर लावून गुंडाळलेले, प्रत्येकावर चिठ्ठी. 'बाळू, शिडी.' 'विनू, पिंप.' कापून टाकलेले सगळे हात त्याने जपून ठेवले होते. घरी आल्यावर खिडकीशी धरून एकेक पाहिला. कुठे मी पडलोय, कुठे विनू, आणि हात वर येतोय. सदाचा एकही नाही. स्वतःचे त्याने केव्हाच फेकून दिले असणार.

डबा आता माझ्या फळीवर आहे. रविवारी ओव्हरटाइम घेत नाही, तुकडे काढून बघत बसतो आणि पुन्हा तसेच गुंडाळून ठेवतो. धुळीतून वर आलेला त्याचा तो हात कुठल्याच फिल्मवर नाही, तो मी पाहिला. इस्पितळात मात्र बघायला मी नव्हतो.