पडद्याकडे पाठ

मिरजेत आमच्या शेजारी एक्स-रे काढणारे एक गृहस्थ राहतात. बोलण्याआधी ते "थांबा" म्हणतात, पेशंटला म्हणावं तसं. अंतराळयानांच्या एका परदेशी चित्रपटमालिकेचे आम्ही दोघेही जुने भक्त, त्यामुळे जिन्यात भेटलो की तिच्यावरून आमचं भांडण ठरलेलं.

नवा भाग बघायला आम्ही सांगलीला गेलो. म्हाताऱ्या कप्तानाचं काम करणारा नट मागेच वारला होता, पण कंपनीनं संगणकावर त्याचा चेहरा आणि आवाज पुन्हा घडवला होता. तो पडद्यावर येताच शिट्ट्या झाल्या. हे मात्र उठून दाराशी गेले आणि शेवटपर्यंत पडद्याकडे पाठ करून उभे राहिले.

बाहेर आल्यावर मी चिडून म्हणालो, "मालिका पुढं चालवायची तर असंच करावं लागणार. हुबेहूब होता की!"

"थांबा," ते म्हणाले. "हुबेहूबच व्हता. आमची ही गेली, तवा लेकीनं मोबाइलमधी तिलाबी असंच बोलतं केलं. आवाज तिचाच. मला म्हणाली, 'कसे आहात तुम्ही?' जल्मभर 'आवं, जेवला का?' म्हणणारी बाई ती. मी इचारलं, तू कोन हाईस?"

"मग?"

"हसली. आगदी तिच्यासारखीच."