तय्यबच्या डोक्यावरची टोपी

साबेरा बोलायला लागली की मस्कतच्या दार्सैतमधल्या त्या बिल्डिंगच्या तिन्ही मजल्यांना कळायचं, आज कोणाची तरी खैर नाही. भाजीवाल्याने शिळी मेथी दिली, वॉचमनने जिना नीट पुसला नाही, खालच्या टॅक्सीवाल्याने उगाच हॉर्न वाजवला. बाईच्या तावडीतून कुणी सुटत नसे. पन्नाशी उलटलेली, काटकुळी, दाभोळ खाडीच्या काठची कोकणी मुसलमान बाई. अंगावर फिक्या रंगाची साडी, हात कोपरापर्यंत रिकामे आणि त्या रिकाम्या हातांत सदानकदा क्रोशाची सुई. तोंड आणि सुई एकाच वेगाने चालायची आणि दोन्हींत कधी गाठ पडत नसे.

विणायची ती टोप्या. पांढऱ्या दोऱ्याच्या, जाळीच्या, नमाजाच्या टोप्या. तिच्या मोहल्ल्याची रीतच होती ती. नवरा आखातात निघाला की बायकोने आपल्या हातची टोपी त्याच्या डोक्यावर ठेवायची आणि परत येईपर्यंत त्याने दुसरीच्या हातची टोपी लावायची नाही. कोणाची टोपी कोणी विणली हे काठावरून ओळखू येई, कारण प्रत्येकीच्या काठाची तऱ्हा वेगळी. साबेराच्या काठाला एक फूल, एक पान, पुन्हा फूल, पुन्हा पान. ही तऱ्हा तिची स्वतःची, कुणाचं बघून उचललेली नव्हे. तिने ती एकीलाच शिकवली होती, शेजारच्या हवाबीला. हवाबी तिच्याहून लहान, गोरीगोमटी, आईवेगळी पोर. दुपारभर साबेराच्या ओटीवर पडीक असायची. त्यात डावखुरी. जेवायला उजवा हात, पण सुई डाव्या हातात. त्यामुळे तिचं प्रत्येक फूल आणि पान उलट्या अंगाला कलायचं. साबेरा तिला चिडवायची, की तू आरशात बघून विणतेस काय गो. पुढे हवाबीला तिचा भाऊ बाबामियाँ मस्कतला घेऊन गेला, आपल्या घरी स्वयंपाकाला.

साबेराचा नवरा तय्यबही तोवर मस्कतलाच होता. मत्र्याच्या बंदरातून सुटणाऱ्या मासेमारीच्या लाँचवर कामाला. त्यांचा मुलगा आदिल अंगावर पीत होता तेव्हा बाबामियाँ गावी आला तो तय्यबची बॅग घेऊनच. वादळ झालं, लाँच गेली, माणसं सापडली नाहीत, असं त्याने मान खाली घालून सांगितलं. गावच्या मशिदीत मय्यत नसतानाच जनाज्याची नमाज झाली. साबेराच्या हातातल्या हिरव्या बांगड्या तिच्या सासूने फोडल्या. बॅगेत दोन शर्ट होते, एक लुंगी होती, घड्याळ होतं, टोपी नव्हती. साबेराने त्या रात्री पुन्हा पुन्हा बॅग उलटी करून पाहिली आणि मग तिला जरा बरं वाटलं. म्हणजे टोपी त्याच्या डोक्यावर होती तर. समुद्राने नेलं ते आपल्या हातच्या टोपीसकट नेलं, एवढ्या एका गोष्टीवर ती बाई उभी राहिली.

दुसरा निकाह कर म्हणून माहेरच्यांनी मागे लकडा लावला. चांगली स्थळंही आली. साबेराने एकेकाला असं फटकारलं की पुन्हा कोणी उंबरा चढला नाही. लोकांचे कपडे शिवून तिने आदिलला वाढवला. आणि दर वर्षी, तय्यब गेल्याची खबर आली त्या महिन्यात, एक टोपी विणून त्याच्या नावाने मशिदीत द्यायची. मेलेल्या माणसासाठी म्हणतात ती फातिहा द्यायची. रडायची मात्र नाही. रडणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

आदिल मोठा झाला तेव्हा त्याला पहिला व्हिसा काढून दिला तो बाबामियाँनेच. आदिल मस्कतजवळ रुसैलला एका गोदामात लागला, सुपरवायझर झाला, बायको-मुलगी आणली, मग आईलाही आणलं. बाबामियाँ दर ईदला ओमानी हलव्याचा डबा घेऊन यायचा, दोन मिनिटं टेकायचा, निघायचा. साबेरा म्हणायची, काय माणूस आहे, उपकार केले तरी पायरीवर बसतो. हवाबी कुठे असते विचारलं तर म्हणायचा, सूर गावी दिली, पार तिकडे समुद्राकडे, तिचा दादला कडक आहे, कुठे पाठवत नाही. साबेराला त्या न पाहिलेल्या दादल्याचा भारी राग यायचा. एवढी खेळकर पोर, पण नवऱ्याने पार कोंडून घातली, असं ती सुनेला कितीदा तरी ऐकवायची.

तर त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात, आदिलची मुलगी उमामा चित्रांच्या क्लासमधून म्युझियमचे पास घेऊन आली. ताबुची नावाचा कोणी जपानी चित्रकार होता. चाळिशी उलटल्यावर काही वर्षं तो मस्कतमध्ये एका कंपनीत नकाशे काढायला होता. पुढे चित्रकार म्हणून त्याचं नाव झालं. आता म्हातारा झाला होता आणि त्याने जन्मभर काढलेली चित्रं एका जागी मांडली होती. साबेरा म्हणाली, जन्मभर चित्रंच काढली, मग पोटाला काय केलं. पण नात हात ओढायला लागली तेव्हा बाई उठली. आदिलला सुट्टी होती, तो दोघींना गाडीने घेऊन निघाला. जाताना विणकामाची पिशवी बरोबर घेतली, कारण तो तय्यबच्या टोपीचा महिना होता आणि टोपी अर्धी झाली होती.

म्युझियममध्ये एसी एवढा की साबेराने पदर कानाभोवती गुंडाळला आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. बर्फाचं एक चित्र होतं. ते बघून म्हणाली, कपड्यांना साबण लावून ठेवलाय आणि खळबळायचं विसरलेत. माशांच्या चित्रापाशी म्हणाली, डोळे बघ, कालचे आहेत. उमामा हसून हसून वाकडी झाली. तिचं मराठी अडखळत चालायचं, पण ती दादीला समजावत होती की हा आर्टिस्ट सगळं अगदी खरं काढतो, स्वेटरचा एकेक धागासुद्धा. साबेराने चष्मा पुसून पाहिलं आणि ते तिला पटलं. कुण्या म्हातारीच्या स्वेटरची वीण अशी काढली होती की टाके मोजून घ्यावेत. मेल्याला नजर आहे, ती म्हणाली. तिच्या तोंडून एवढी तारीफ म्हणजे पुष्कळच झाली.

शेवटच्या दालनात मस्कतची चित्रं होती. समोरच्या भिंतीभर एकच मोठं चित्र: मत्र्याचा धक्का, मागे करडे डोंगर आणि धक्क्यावर पाय सोडून बसलेला, संत्रं सोलणारा एक माणूस. साबेरा काहीतरी बोलत होती. ते बोलणं अर्ध्यावरच थांबलं.

माणसाच्या डाव्या कानाची पाळी तुटलेली होती. लहानपणी कुत्र्याने ओढलेली. उजव्या भुवईत खाच होती. बसताना एक खांदा खाली पाडायची ती सवय होती. तय्यब होता. चित्रकाराने कधीकाळी पाहिलं असेल, काढलं असेल, असं तिने मनाला सांगून पाहिलं. पण दाढी? तय्यब बुडाला तेव्हा त्याची दाढी काळीभोर होती. इथे निम्मे केस पांढरे होते. बुडालेल्या माणसाची दाढी पिकेल कशी?

उमामाने खालची पाटी वाचली. मत्रा हार्बरवरचा मित्र, नाईन्टीन नाइंटी-सेव्हन. त्या साली आदिल गावच्या शाळेत जात होता आणि वडील कधीच समुद्रात गेले म्हणून सांगत होता. पोरगी निरागसपणे म्हणाली की हा माणूस पप्पासारखा दिसतो. आदिलचा चेहरा पांढराफटक पडला. तरी तो म्हणत राहिला की चेहऱ्यासारखे चेहरे असतात, मा, चल, तुला बरं वाटत नाहीये. बापाचा चेहरा त्याला एका पासपोर्टच्या फोटोपलीकडे ठाऊकच नव्हता.

साबेराला मात्र एकदम, काही कळायच्या आत, आनंद झाला. काय सांगावं त्या आनंदाचं! माणूस वाचला होता. कुठल्या तरी किनाऱ्याला लागला असेल, डोक्याला मार बसून सगळं विसरला असेल, तुरुंगात पडला असेल, कागद हरवले असतील. यायचं असेल पण येता आलं नसेल. बिचारा धक्क्यावर बसून घराच्या दिशेने बघत असेल. एका श्वासात तिने त्याचं सगळं माफ करून टाकलं. आणि त्याच्या डोक्यावर टोपी होती. पांढरी, जाळीची, काठाला फूल आणि पान. म्हणजे एवढ्या वर्षांत त्याने आपली टोपी सोडली नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिचे डोळे पहिल्यांदाच भरून आले.

टोपी नीट बघावी म्हणून ती पुढे सरली. गार्ड काही म्हणाला, तिला ऐकू आलं नाही. चष्मा वर सरकवून तिने काठ पाहिला. एक फूल, एक पान. पुन्हा फूल, पुन्हा पान. तऱ्हा तिचीच. पण सगळी फुलं उलट्या अंगाला कललेली. तिने पिशवीतली अर्धी टोपी काढून चित्रासमोर धरली. तिच्या हातातली फुलं एकीकडे झुकली होती, भिंतीवरची दुसरीकडे. एकही चुकून सरळ नव्हतं. जपान्याने एकेक टाका जसाच्या तसा काढला होता.

"ही माझ्या हातची नाही," ती म्हणाली. "ही डाव्या हाताची आहे. हवाबीची."

आदिलला आधी समजेना. मग तिने त्याला तिथेच उभ्या उभ्या, हळू आवाजात सांगितलं. ती तऱ्हा जगात दोघींनाच येत होती. आणि त्यांच्या मोहल्ल्यातला पुरुष बायकोखेरीज दुसरीच्या हातची टोपी लावत नाही. तय्यब काही विसरला नव्हता, रीत तर मुळीच नाही. वादळ नव्हतं, बुडालेली लाँच नव्हती. बाबामियाँने बॅग भरून आणली होती आणि सासूने बांगड्या फोडल्या होत्या, एवढंच काय ते घडलं होतं. ईदच्या हलव्याचे सगळे डबे तिच्या घशाशी आले.

बाकावर बसून तिने आदिलला बाबामियाँला फोन लावायला सांगितला. शुक्रवार होता, तो घरीच होता. फोन कानाला लावून ती काही ओरडली नाही. शिवी दिली नाही. आदिलला त्याचीच जास्त भीती वाटली.

"बाबामियाँ," ती म्हणाली, "हवाबीचा दादला जिता आहे का रे? एवढंच सांग."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाल्याचं कळलं. मग म्हाताऱ्याने रडत रडत सांगितलं. हो, आहे. गुडघे गेले आहेत, पण आहे. बहिणीच्या अब्रूचा प्रश्न होता, तुझ्यावर सवत म्हणून तिला गावात तोंड दाखवता आलं नसतं, तेव्हा दुसरं काही सुचलं नाही, माफ कर, भाभी. साबेराने फोन आदिलच्या हातात दिला.

गाडीत ती एकदाच बोलली, आणि तेही कुणाला उद्देशून नव्हे. जित्या माणसाची फातिहा देत आले मी, ती म्हणाली, जवानी त्यात गेली माझी. आदिल गाडी चालवत होता. रुवीच्या बाजारात आल्यावर साबेराने गाडी थांबवायला लावली आणि रस्त्यापलीकडच्या बांगड्यांच्या दुकानात गेली. अर्धी टोपी सीटवरच राहिली होती.

बांगडीवाल्याने तिचं वय पाहिलं, फिकी साडी पाहिली, आणि नातीसाठी असतील असं समजून लहान मापाच्या पुढे केल्या. साबेराने त्या बाजूला सारल्या आणि हिरव्या चुड्याकडे बोट दाखवलं. दोन्ही हात भरायला सांगितले. इतक्या वर्षांत हाताची हाडं जाड झाली होती. बांगड्या चढेनात, दोनचार फुटल्या, एक काच मनगटात घुसून रक्त आलं. बांगडीवाला घाबरला, राहू दे म्हणाला, घरात कोणाचं लग्नबिग्न आहे काय म्हणून विचारायला लागला. तिने हात मागे घेतला नाही.

"भर," साबेरा म्हणाली. "नवरा आहे माझा. सूरला असतो."